एचआयव्हीसह जगणारे मूल आणि त्याचे घर : कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

भारतात एचआयव्हीवरची औषधे सरकारी एआरटी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. आज लहान मुलांना पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजण्याची व्हायरल लोड चाचणी मोफत होते आणि वेळेवर उपचार मिळालेले मूल शिकते, नोकरी करते, लग्न करते, म्हातारे होईपर्यंत जगू शकते.

तरीही काही मुलांचे उपचार मध्येच सुटतात. कारण शोधायला गेले की ते बहुतेक वेळा औषधात सापडत नाही, घरात सापडते. गोळी देणारी आई आजारी पडलेली असते. वडील वारलेले असतात आणि सासरच्यांनी सुनेला माहेरी पाठवलेले असते. आजीला बाटलीवरचे अक्षर वाचता येत नाही. कुटुंब ऊसतोडीला गेलेले असते आणि केंद्र दीडशे किलोमीटर मागे राहिलेले असते. म्हणून मुलाचे उपचार टिकवायचे असतील तर त्याच्या घराचा विचार करावा लागतो. यालाच कुटुंबकेंद्री काळजी म्हणतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे नॅकोच्या अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या आसपास. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याची अशा कुटुंबाशी कधी ना कधी गाठ पडतेच. त्या वेळी नेमके काय माहीत असावे, यासाठी हा लेख.

कुटुंबकेंद्री काळजी म्हणजे काय

रुग्णालयाच्या केसपेपरवर एकच नाव असते. एचआयव्ही मात्र क्वचितच एका माणसापुरता असतो. मुलांमधील बहुतांश लागण आईकडून गर्भारपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून झालेली असते. याचा अर्थ मूल बाधित असेल तर आईला उपचारांची गरज असते, वडिलांची तपासणी राहिलेली असू शकते आणि भावंडांचाही प्रश्न असतो.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. समजा, बीड जिल्ह्यातले एक गाव आहे. वडील वारले आहेत. आई एआरटीवर आहे. सात वर्षांचा मुलगा बाधित आहे आणि तोही औषध घेतो. तेरा वर्षांच्या मुलीची तपासणी कधी झालीच नाही. घरात आजी आहे. दिवाळीनंतर आई तोडीला जाते आणि मुले आजीकडे राहतात. या घरातल्या मुलाची काळजी घ्यायची म्हणजे चार माणसांची मिळून योजना करायची. आईचे औषध टिकले पाहिजे, मुलीची तपासणी झाली पाहिजे, आजीला गोळी द्यायला शिकवले पाहिजे आणि कमावणारी बाई गावात नसताना घर चालले पाहिजे. पुढचे सगळे मुद्दे याच घरावर लावून पाहता येतील.

एकाचा निकाल आला की घराची तपासणी

पहिला नियम साधा आहे. घरातल्या एकाची तपासणी बाधित आली, तर जोडीदाराची आणि सर्व मुलांची तपासणी व्हावी. मुलगी धट्टीकट्टी दिसते म्हणून तिला वगळू नये. जन्मतः लागण झालेली काही मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मोठ्या तक्रारीशिवाय राहतात. मग वारंवार ताप, वजन न वाढणे, कानातून पू येणे, अंगावर पुरळ किंवा क्षयरोग अशी लक्षणे दिसू लागतात आणि तोवर प्रतिकारशक्ती बरीच घटलेली असते.

ही तपासणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात म्हणजे आयसीटीसीमध्ये मोफत होते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात ही केंद्रे असतात. तपासणीपूर्वी समुपदेशन आणि माहितीपूर्ण संमती बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी ती संमती पालकाने किंवा सांभाळ करणाऱ्याने द्यायची असते. कार्यकर्ता कितीही जवळचा असला तरी त्याने परस्पर मुलाला तपासणीला नेऊ नये.

गर्भारपण आणि बाळाचे पहिले दीड वर्ष

काहीच उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर औषध सुरू केले आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले तर ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. भारतात १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला, तिची सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी, आयुष्यभरासाठी एआरटी देण्याचे धोरण आहे. म्हणून गर्भारपणातली पहिली तपासणी लवकर व्हायला हवी. त्यातून निम्मा प्रश्न सुटतो.

जन्मानंतर बाळाला नेव्हिरापिनसारखे औषध किमान सहा आठवडे दिले जाते. किती दिवस आणि कोणते हे डॉक्टर आईच्या व्हायरल लोडवरून ठरवतात. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवतात. नेहमीची अँटीबॉडी चाचणी इतक्या लहान बाळात उपयोगाची नसते, कारण आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. सहाव्या आठवड्याचा निकाल चांगला आला तरी तपासण्या अठरा महिन्यांपर्यंत चालूच ठेवायच्या असतात, कारण बाळ अंगावर पीत असते. अनेक कुटुंबे इथेच थांबतात. पहिला निकाल चांगला आला, आता कशाला जायचे, असे म्हणतात. कार्यकर्त्याने पाठपुरावा करावा अशी ही जागा आहे.

हा पाठपुरावा का महत्त्वाचा, ते एका आकड्यावरून कळेल. लागण झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर अशी सुमारे निम्मी बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजारी पडण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू केलेल्या बाळांमधील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर बाळांना निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण जगभर आले.

दुधाबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. आई एआरटी नियमित घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असा सल्ला दिला जातो. फक्त म्हणजे फक्त. थोडे अंगावरचे आणि थोडे वरचे असे मिश्र पाजणे जास्त धोक्याचे असते, कारण वरच्या अन्नपाण्याने बाळाच्या आतड्याला इजा होऊन विषाणूला वाट मिळू शकते. बाळगुटी, मध आणि साखरपाणी त्यातच आले. घरात बाळगुटी उगाळते ती आजी किंवा सासू. तिला कोणी समजावलेच नाही तर समुपदेशकाने आईला सांगितलेले वाया जाते. घरातल्या मोठ्या बायांना सोबत घेतल्याशिवाय बाळाची काळजी पूर्ण होत नाही, ती अशी.

रोजची गोळी कोण देते

एआरटी आयुष्यभर आणि रोज घ्यायची असते. शंभरातल्या किमान पंचाण्णव गोळ्या वेळेवर जायला हव्यात. गोळ्या वारंवार चुकल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग वेगळे, अधिक अवघड औषध द्यावे लागते. मुलांचा डोस वजनावर ठरतो. वजन वाढले की डोस बदलतो, म्हणून प्रत्येक भेटीत मुलाला सोबत नेणे आवश्यक असते. नुसते जुने कार्ड पाठवून गोळ्या मागवल्या तर मूल वाढते आणि डोस जुनाच राहतो.

आपल्या उदाहरणातल्या घरात आई तोडीला गेली की गोळीची जबाबदारी आजीवर येते. म्हणून आई निघण्यापूर्वी आजीने एकदा तरी एआरटी केंद्रात जाऊन समुपदेशकाला भेटावे. वाचता येत नसेल तर बाटलीवर सूर्य किंवा चंद्राची खूण करून घ्यावी. वेळ एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधावी, जसे रात्रीचे जेवण. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नयेत, केंद्रात विचारावे.

आईचेही तसेच. प्रकृती स्थिर असेल तर केंद्रातून एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या जवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घेता येते. हे स्थलांतरापूर्वी विचारायचे असते. कारखान्यावर पोचल्यावर, गोळ्या संपल्यावर विचारून उपयोग नसतो.

आहाराबद्दल दोन शब्द. महागडी पावडर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार, लक्षणे नसलेल्या बाधित मुलाला नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त उष्मांक लागतात. वजन घटत असलेल्या मुलाला ५० ते १०० टक्क्यांपर्यंत जास्त लागतात. डाळ, शेंगदाणे, अंडी, नाचणी, दूध, तेलतूप यांतून हे भागते. अडचण असते ती घरात शिजायला पुरेसे असण्याची, म्हणून रेशनकार्डाचा प्रश्न हा उपचाराचाच भाग धरावा. घरात कोणाला क्षयरोग असेल, किंवा मुलाला खोकला, ताप असेल, वजन वाढत नसेल, तर केंद्रात लगेच सांगावे. क्षयरोग टाळण्याचे औषधही तिथे मिळते.

मुलाला कधी आणि कसे सांगायचे

"ही ताकदीची गोळी आहे" हे उत्तर सहा-सात वर्षांपर्यंत चालते. पुढे मूल विचारते, ताईला का नाही? मीच का रोज? मोठी माणसे गप्प राहिली की ते स्वतः अर्थ लावते. केंद्राच्या भिंतीवरचा फलक वाचते, वर्गात कोणीतरी काही बोलते आणि ज्या गोष्टीबद्दल घरात कुजबुज होते ती लाजेची असणार, असे धरून चालते. बाराव्या-तेराव्या वर्षी गोळ्या फेकून देणारी अनेक मुले अशीच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शाळकरी वयाच्या मुलाला त्याची स्वतःची स्थिती सांगावी आणि त्याहून लहान मुलांना समजेल तसे टप्प्याटप्प्याने सांगत जावे. आधी "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळीने तो झोपून राहतो" इतके पुरते. पुढे नाव सांगायचे. मग तो कसा आला, कसा पसरतो आणि कसा पसरत नाही हे सांगायचे.

सांगायचे कोणी? शक्य तिथे आईने किंवा सांभाळणाऱ्याने, समुपदेशकाच्या मदतीने. सर्वांत अवघड असते ते आईला स्वतःबद्दल सांगणे. माझ्यामुळे लेकराला झाले, ही टोचणी तिच्या मनात असते. तिला आधी बोलायला जागा मिळाली तरच ती मुलाशी बोलू शकते. कार्यकर्त्याने, शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने मुलाला परस्पर सांगणे हा अन्याय आहे.

वयात येणाऱ्या मुला-मुलींना आणखी एक गोष्ट सांगायची असते. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड चाचणीत न सापडण्याइतका खाली राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे. लग्न आणि मूल यांचा विचार करता येतो हे कळले की गोळीचा अर्थ बदलतो.

शाळा आणि वसतिगृह

एकत्र बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच नळाचे पाणी प्यायल्याने, खेळल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. हे अनेकांना पाठ आहे, तरी प्रसंग आला की भीती वर येते. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या 'सेवालय'मधील मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यास २००९ मध्ये गावकऱ्यांनी विरोध केला होता.

आज असा विरोध बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित व्यक्तीला, तसेच बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्यालाही, शिक्षण, नोकरी, घर, आरोग्यसेवा यांत भेदभावाची वागणूक देता येत नाही. शाळेत किंवा वसतिगृहात प्रवेशासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. मुलाची स्थिती शाळेला सांगणे पालकावर बंधनकारक नाही. खेळताना जखम झाली तर हातमोजे घालून स्वच्छ करावी, हा नियम प्रत्येक मुलासाठी आहे. त्यासाठी कोण बाधित आहे हे कळण्याची गरज नाही.

आई-वडील नसतील तेव्हा

बाल न्याय कायदा २०१५ असे मानतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा. पंढरपूरच्या 'पालवी'सारख्या संस्थांनी, हासेगावच्या 'सेवालय'ने, ज्यांना कोणी दारात उभे केले नाही अशी मुले वाढवली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण आजी, मावशी किंवा काका सांभाळायला तयार असतील तर आधी त्यांना आधार द्यावा आणि भावंडांची ताटातूट टाळावी. पैसे नाहीत एवढ्याच कारणाने मूल घराबाहेर जाऊ नये.

२०१७ च्या कायद्यात यासाठी काही तरतुदी आहेत, ज्या फार थोड्यांना माहीत असतात.

• कलम ३२ नुसार, एचआयव्हीबाधित कुटुंबात पालक जबाबदारी पार पाडू शकत नसतील, तर बारा ते अठरा वयाचे, पुरेशी समज असलेले भावंड आपल्या अठरा वर्षांखालील भावंडाचे पालक म्हणून काम करू शकते. शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्ता यांसाठी त्याची सही चालते. आपल्या उदाहरणातली तेरा वर्षांची मुलगी याच तरतुदीत बसू शकते.

• आई किंवा वडील हयात असतानाच, आपण असमर्थ झालो किंवा वारलो तर मुलाचे पालक कोण, हे लेखी ठरवून ठेवू शकतात. नातेवाईक किंवा मित्र, कोणत्याही प्रौढ व्यक्तीचे नाव देता येते.

• मुलाच्या वाट्याची जमीन किंवा घर कोणी बळकावत असेल तर बालकल्याण समितीकडे तक्रार करता येते. मालमत्तेची कागदपत्रेही सुरक्षित ठेवण्यासाठी समितीकडे देता येतात.

• विधवेला आणि मुलांना राहत्या घरातून हाकलता येत नाही. सामाईक घरात राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

• भेदभावाची तक्रार राज्याच्या लोकपालाकडे करता येते. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो चोवीस तासांत.

आर्थिक आधार

महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना नातेवाइकांकडे वाढणाऱ्या आणि एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी आहे. एचआयव्हीबाधित पालकांची मुलेही तिच्या लाभात येतात. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेशांसाठी महाराष्ट्राने एचआयव्हीबाधित आणि प्रभावित बालकांना वंचित घटकात घेतले आहे. एसटीच्या प्रवास सवलतीतही बाधितांचा समावेश आहे.

या सगळ्यात एक अडचण आहे. सवलत मागायची तर कागद दाखवावा लागतो, आणि गावच्या गाडीत कंडक्टरला दाखवलेला कागद गावभर होऊ शकतो. म्हणून अनेक आया सवलत सोडून पूर्ण तिकीट काढतात. तो त्यांचा निर्णय आहे. त्यांना आग्रह करू नये. तहसीलच्या खिडकीवर अहवाल सर्वांसमोर द्यावा लागू नये, यासाठी सोबत जाऊन अधिकाऱ्यांना आत भेटणे हे मात्र कार्यकर्ता करू शकतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे, काय टाळावे

कोण बाधित आहे याचा शोध घेऊ नये आणि यादी करू नये. कळले तर ते आपल्यापाशीच ठेवावे, घरात बायको-नवऱ्यालाही सांगू नये. कोणाची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअॅपवरचा मजकूरही यातून सुटत नाही.

१ डिसेंबरला किंवा १४ एप्रिलच्या कार्यक्रमात "एचआयव्हीग्रस्त मुलांना वह्यावाटप" असा फलक लावून मुलांना रांगेत उभे करू नये, त्यांचे फोटो टाकू नयेत. वह्या द्यायच्याच असतील तर वस्तीतल्या सगळ्या मुलांना द्याव्यात.

करण्यासारखे पुष्कळ आहे. गर्भवतींची पहिली तपासणी लवकर होईल हे पाहणे. विहारात किंवा समाजमंदिरात डॉक्टर, समुपदेशक बोलावून सर्वांसाठी माहितीचा कार्यक्रम घेणे, ज्यात कोणाकडे बोट जाणार नाही. कुटुंबाने स्वतः विश्वासाने सांगितले तर केंद्राच्या तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते त्याची सोय करणे, आजीसोबत जाणे, अर्ज भरून देणे. शाळेने अडवले तर कायद्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांशी बोलणे, तेही पालकाची परवानगी घेऊनच.

माहितीसाठी नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मुलाच्या छळाची किंवा निराधार मुलाची बाब असेल तर १०९८. मुंबईत मुलांच्या एचआयव्ही उपचारांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात विशेष केंद्र आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रापासून सुरुवात करावी.

बाधित मुलाचे आयुष्य आता गोळीने वाढवता येते. ती गोळी रोज रात्री हातावर ठेवणारे माणूस त्याच्या घरात टिकले पाहिजे. त्या माणसाला पोटाला, प्रवासाला, छपराला आणि बोलायला आधार मिळवून देणे वस्तीतल्या कोणत्याही तरुणाला जमण्यासारखे आहे.